पायाखालचा सूर्य

२५ जानेवारीची रात्र होती. लेकीचा ताप १०२ च्या खाली उतरत नव्हता आणि सकाळी झेंडावंदनाला जाता येणार नाही हे तिला कळून चुकलं होतं. पांढरा गणवेश इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर घालून ठेवला होता, खिशाला कागदी झेंडा टाचलेला. त्याच्याकडे बघून तिला पुन्हा पुन्हा हुंदके येत होते. मी कपाळावरची पट्टी बदलत होते. घड्याळात पाऊण वाजून गेला होता. आमच्या चौदाव्या मजल्यावर त्या वेळीही रस्त्यावरच्या ट्रकची घरघर येते, मधूनच दादरकडून शेवटच्या लोकलचा भोंगा. रडता रडता ती अचानक थांबली आणि म्हणाली, "आई, सूर्य आत्ता कुठे आहे?" तापातल्या मुलांना असले प्रश्न पडतात. मी खिडकीकडे हात केला. दोन टॉवरांच्या फटीतून आम्हाला समुद्राची एक पट्टी दिसते, संध्याकाळी सूर्य तिथंच बुडतो. म्हटलं, "तिकडे, समुद्रापलीकडे. तिकडच्या लोकांचं आता उजाडलंय." मुंबईतल्या कोणालाही विचारलं तरी हात समुद्राकडेच जाईल. पलीकडच्या कॉटवर माझी आई पडली होती. मला वाटलं तिला झोप लागलीय. तिनं डोळे न उघडता चादरीतून हात बाहेर काढला आणि बोट जमिनीकडे केलं. "तिकडे नाही गं. इथं, खाली." लेक म्हणाली, "खाली तर देशमुख आजी राहतात." आई म्हणाली, "त्यांच्याही खाली."

ते बोट माझ्या डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला, टीव्हीवरचं संचलन बघून झालं, गणवेश परत कपाटात गेला. मी मात्र संध्याकाळी कागद-पेन्सिल घेऊन बसले. मी कॉमर्सची, पण आकड्यांना घाबरत नाही. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर. मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस भर दुपारी सूर्य आपल्या नेमका डोक्यावर येतो. शून्य सावली दिवस म्हणून मुलं शाळेच्या गच्चीत बाटल्या उभ्या करून सावली शोधतात. मग याचं उलटं कधी होत असेल? सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला १९ अंशांवर असेल तेव्हा. म्हणजे नोव्हेंबरच्या मध्याला एकदा आणि जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात एकदा. त्या दोन वेळा मध्यरात्री सूर्य आपल्या तळपायांच्या बरोबर खाली असतो. आणि मध्यरात्र म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. आपली घड्याळं चालतात मिर्झापूरजवळच्या रेखांशावर, मुंबई त्याच्या ३९ मिनिटं मागे. जुनी माणसं 'मुंबई टाइम' म्हणायची तो हाच फरक. जानेवारीच्या अखेरीला त्यात आणखी बाराएक मिनिटांची भर पडते. बेरीज केली आणि पेन्सिल खाली ठेवली. बारा एकावन्न. आईचं बोट चादरीतून बाहेर आलं तेव्हा पृथ्वीच्या आरपार सरळ सळई घातली असती, तर ती दुसऱ्या बाजूला प्रशांत महासागरातून वर येऊन सूर्याकडेच रोखली गेली असती.

आई नववीपर्यंत शिकलेली. आता वय ८१. मटार सोलत बसली होती तेव्हा विचारलं, "काल ते खाली कसं गं सांगितलंस?" तिनं वर न बघता सांगितलं, "तुझ्या बाबांनी दाखवलं होतं. तू काविळीनं पडली होतीस तेव्हा." आणि सालं गोळा करून आत निघून गेली. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. त्यांनी तिला दाखवलेलं काहीतरी गेली चाळीस वर्षं तिच्याजवळ होतं, आणि आज लेकीचा ताप चढला म्हणून ते मला कळलं. याचं मला बरं वाटलं की वाईट, हे अजून ठरवता येत नाही.

बाबा कुलाब्याला, नेव्ही नगरच्याही पुढे, समुद्राला लागून असलेल्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये तंत्रज्ञ होते. शास्त्रज्ञ नव्हेत. नळ्यांमध्ये वायू भरायचा, गळती शोधायची, वायरी जोडायच्या, बिघडलेलं दुरुस्त करायचं, ही त्यांची कामं. गिरगावात आमची तळमजल्यावरची खोली होती, आणि आमच्या घरात वर्षाचे दोन भाग असायचे, बाबा असतानाचा आणि बाबा कोलारला असतानाचा. व्ही.टी.हून गाडी, बंगळूरहून पुढे बंगारपेट, तिथून फाट्यावरची छोटी गाडी मारिकुप्पमपर्यंत. ही स्टेशनं मला परवच्यासारखी पाठ होती. परत येताना ते म्हैसूरपाक आणि चंदनाचे साबण आणायचे, पण ट्रंक उघडली की पहिल्यांदा वास यायचा तो वेगळाच, ग्रीसचा, ओल्या दगडाचा, कोंदट हवेत वाळलेल्या कपड्यांचा. तो आईला अजिबात आवडायचा नाही. मला आवडायचा. मी तोंड खुपसून बसायचे आणि ती ओढून बाजूला काढायची.

कोलारच्या सोन्याच्या खाणी जगातल्या सर्वांत खोल खाणींपैकी होत्या. बाबा ज्या जागी काम करायचे ती जमिनीखाली २.३ किलोमीटरवर होती. पिंजऱ्यासारख्या केजमध्ये उभं राहायचं, कान बंद व्हायचे, मग बोगद्यातून चालत जायचं. खडकाला हात लावला तर तो गरम लागायचा. कधी कधी दूर कुठेतरी दडपलेला खडक तोफेसारखा फुटायचा, रॉक बर्स्ट म्हणायचे त्याला, आणि मग सगळे काही क्षण एकमेकांकडे बघत राहायचे. खाणकामगार तमिळ, शास्त्रज्ञांमध्ये मराठी, कन्नड, बंगाली, जपानी. ओसाकाहून आलेल्या एका पाहुण्यानं बाबांना हिरव्या रंगाची एक पेन्सिल दिली होती. ती त्यांनी कधी तासलीच नाही.

एवढं खाली कशासाठी? मला हे समजलं ते बाबांनी चाळीतल्या गळतीवरून सांगितलं तेव्हा. आकाशातून वैश्विक किरणांचा पाऊस सतत पडत असतो. हवेवर आपटून त्यातून म्यूऑन नावाचे कण तयार होतात आणि ते आपल्या हातापायांतून, छपरांतून, जमिनीत कित्येक मीटर खोलपर्यंत जातात. जमिनीवर बसून एखादा दुर्मीळ कण शोधायचा म्हणजे मुसळधार पावसात कोणाच्या तरी डोळ्यातलं पाणी ओळखण्यासारखं. म्हणून खाली जायचं, जिथं हा पाऊस पोचत नाही. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या सर्वांत खोल पातळीवर यंत्र लावून बसलेल्या लोकांना दोन महिन्यांत एकही म्यूऑन दिसला नव्हता. बाबा ही गोष्ट देवळातली आख्यायिका सांगावी तशी सांगायचे. दोन महिने, एक टिक नाही. दुसरा कोणी निराश झाला असता. त्या लोकांनी ओळखलं की एवढी शांतता जिथं आहे तिथंच न्यूट्रिनो, म्हणजे जवळजवळ कशालाच न अडणारा कण, ऐकू येईल. "आता बघ," बाबा म्हणायचे, "छतातून पाणी टपकलं तर वरच्यांची मोरी गळतेय हे कळतं. पण फरशीतून पाणी वर आलं तर?" वरून येणारा म्यूऑन आकाशातला. पण आडवा येणारा किंवा खालून वर येणारा म्यूऑन आकाशातून येऊच शकत नाही, मधे एवढी पृथ्वी आहे. त्या पृथ्वीतून आरपार येऊ शकतो फक्त न्यूट्रिनो. तोच शेवटी यंत्राजवळच्या खडकातल्या एखाद्या अणूला धडकतो आणि त्यातून तो म्यूऑन जन्मतो. म्हणून कोलारची यंत्रं वर बघतच नव्हती. भिंतींसारखी समोरासमोर उभी करून ती आडव्या वाटेवर डोळा ठेवून होती.

१९६५ मध्ये त्यांना ते दिसलं. वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंची जगातली पहिली नोंद. मेनन, श्रीकांतन, ओसाकाचे मियाके, डरहॅमचे वोल्फेंडेल आणि त्यांचे सहकारी. त्याच वेळी दक्षिण आफ्रिकेतल्या दुसऱ्या एका सोन्याच्या खाणीत फ्रेडरिक राइनेस यांचा गट बसला होता. घटना त्यांना आधी दिसली होती, पण ऑगस्टमध्ये छापून आधी आला तो कोलारचा शोधनिबंध, दोनच आठवडे आधी. बाबा तेव्हा तिथे नव्हते, ते नंतर लागले. तरीही 'आपलं आधी आलं' हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा.

न्यूट्रिनो या वस्तूची कल्पनाच एका मोठ्या अडचणीतून आली. काही किरणोत्सारी अणू फुटताना ऊर्जेचा हिशेब जुळत नव्हता, काहीतरी कमी पडायचं. ४ डिसेंबर १९३० ला वोल्फगांग पाउली यांनी एका परिषदेला पत्र पाठवलं की एक न दिसणारा, विजेचा भार नसलेला कण ती ऊर्जा घेऊन जात असावा. झुरिकमध्ये नाचाचा कार्यक्रम होता म्हणून ते स्वतः गेले नव्हते. तो कण पकडायला १९५६ साल उजाडलं, तेही अणुभट्टीच्या शेजारी यंत्र लावून. हा कण दगड, लोखंड, माणूस काही ओळखत नाही. आपल्या नखाएवढ्या जागेतून सूर्याचे सुमारे साडेसहा हजार कोटी न्यूट्रिनो दर सेकंदाला जातात. एका माणसाच्या अख्ख्या आयुष्यात त्यातला एखादाच शरीरातल्या अणूला धडकला तर धडकला. सूर्याच्या गाभ्यातला उजेड बाहेर यायला हजारो वर्षं, काही हिशेबांनी लाखभर वर्षं घेतो, इकडून तिकडे आपटत राहतो. न्यूट्रिनो सव्वादोन सेकंदांत सूर्याबाहेर पडतो आणि सव्वाआठ मिनिटांत आपल्यापाशी येतो. म्हणजे ऊन जुनं असतं, न्यूट्रिनो ताजे असतात. आणि आपणही ते सोडत असतो. अंगातल्या पोटॅशियमचा अगदी थोडा भाग किरणोत्सारी आहे, केळ्यातून, बटाट्यातून, नारळपाण्यातून आलेला. मोठ्या माणसाच्या शरीरात त्यातले चारेक हजार अणू दर सेकंदाला फुटतात आणि प्रत्येकातून एकेक असा कण बाहेर पडतो. मांडीवर झोपलेल्या पंचवीस किलोच्या लेकीतून सेकंदाला दीडेक हजार. भिंतीतून, देशमुख आजींच्या घरातून, समुद्रातून, कायमचे निघून जाणारे.

१९८५ च्या पावसाळ्यात मला कावीळ झाली. मी नऊ वर्षांची होते. मला आठवतं ते डोळ्यांपुढचं पिवळं, उसाच्या रसाचा कंटाळा, आणि आईच्या हाताला येणारा निरगुडीचा वास. बाबा कोलारला. चाळीच्या नाक्यावरून तार केली. ती त्यांच्या मुक्कामी पोचली तेव्हा ते खाली होते. वर आल्यावर मिळेल ती गाडी धरून निघाले, पण घाटात दरड पडली होती. पाच दिवसांनी दारात उभे राहिले. तोवर माझा ताप उतरणीला लागला होता. आई त्यांच्याशी दोन दिवस एक अक्षर बोलली नाही. पाणी तांब्यात भरून जरा लांबच ठेवायची. यात कोणाचीच चूक नव्हती, हे मला आज दिसतं. तेव्हा मला फक्त तो तांब्या दिसत होता.

तिसऱ्या रात्री काय झालं ते मी झोपेत गमावलं, आणि आता ते आईकडून तुकड्यातुकड्यांनी काढून घेतलं, कधी भाजी निवडताना, कधी तिच्या गुडघ्यांना तेल लावताना. रात्रीचा एक वाजला असेल. माझ्या उशाशी दोघं दोन बाजूंना बसलेली. आई म्हणाली (तिला स्वतःचे शब्द नीट आठवतात), "माणसानं दगडाखाली जाऊन एवढी कशाची वाट बघायची? घरचं माणूस वाट बघतंय ते दिसत नाही?" बाबांनी उत्तर दिलं नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी शहाबादी फरशीवर हात पालथा ठेवला. म्हणाले, "सूर्य आत्ता इथं खाली आहे. त्याचा एक उजेड या फरशीतून वर येतोय. दिसत नाही, लागत नाही. तुझ्यातून जातोय, पोरीतून जातोय. त्याला भिंत माहीत नाही. तिथं खाली गेलो तरी मला एवढंच वाटतं की जे माझ्या हातातून जातंय तेच तुमच्यातूनही जातंय." आईनंही हात ठेवला फरशीवर. "मग?" मी विचारलं. "मग काय. काही लागलं नाही हाताला. गार फरशी. मी म्हटलं, मग त्याचा उपयोग काय." आणि थोडं थांबून ती म्हणाली, "पण तेव्हापासून बोलायला लागले मी."

बाबांचं एक मात्र चुकलं होतं, आणि मला ते शोधून काढल्याचा आनंद झाला, जणू ते समोर बसलेत आणि मी त्यांना सांगतेय. पावसाळ्यात मध्यरात्री सूर्य मुंबईच्या सरळ खाली नसतो, उत्तरेकडे बराच तिरका असतो. त्यांचा हात फरशीवर होता, बोट खरं तर भिंतीच्या आणि जमिनीच्या कोपऱ्याकडे, उत्तरेला तिरकं जायला हवं होतं. नेमकं सरळ खाली बोट दाखवलं ते आईनं, चाळीस वर्षांनी, झोपेत.

त्या वर्षांत कोलारला ज्याच्यासाठी वाट बघणं चाललं होतं ते न्यूट्रिनो नव्हतेच. १४० टन लोखंडाच्या थरांमध्ये चौकोनी नळ्या रचून ते लोक प्रोटॉन मरतो का ते बघत होते. विश्वातलं सगळं द्रव्य ज्याच्यावर उभं आहे तो प्रोटॉन कधीतरी आपोआप फुटतो का, हा प्रश्न. काही घटना तशा वाटल्या होत्या, पण पुढे मोठ्या यंत्रांनी त्या खऱ्या ठरू दिल्या नाहीत. त्या शोधात न्यूट्रिनो म्हणजे अडथळा, बाबांच्या भाषेत 'बॅकग्राउंड'. जपानमध्ये कामिओकाच्या खाणीतही असंच ३००० टन पाण्याचं टाकं प्रोटॉनसाठीच बांधलं होतं. २३ फेब्रुवारी १९८७ ला त्या टाक्यात तेरा सेकंदांत अकरा न्यूट्रिनोंचे ठसे उमटले. १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षांवरच्या शेजारच्या आकाशगंगेत एक तारा फुटला होता, आणि त्याचा दिसणारा उजेड पोचायच्या काही तास आधी ते आले होते. बाबा त्या दिवसांत मुंबईतच होते. बातमी घेऊन घरी आले ते दारातूनच ओरडत, "अकरा! अगं, अकरा!" आईला वाटलं लॉटरी लागली. तिनं हातातला झारा खाली ठेवून विचारलं, "अकरा काय? हजार?" "नुसते अकरा." त्यांनी मला उचलून खांद्यावर घेतलं, खरं तर मी अकरा वर्षांची, चांगली उंच झाले होते. तो तारा दक्षिणेच्या आकाशातला, जपानमधून कधी क्षितिजावर येतच नाही. ते अकराच्या अकरा पृथ्वीच्या पोटातून, खालून वर आले होते. हे मी अलीकडे वाचलं आणि पान बंद करून बराच वेळ बसून राहिले.

अमेरिकेतल्या होमस्टेक नावाच्या खाणीत रेमंड डेव्हिस यांनी जे केलं ते बाबांना सर्वांत आवडायचं. दीड किलोमीटर खाली ३ लाख ८० हजार लिटरचं टाकं, आणि त्यात पर्क्लोरोएथिलीन. म्हणजे आपल्या लाँड्रीत शालू ज्यात धुतात तो ड्रायक्लीनिंगचा द्रव, कपडे घरी आणल्यावर कपाटाला दोन दिवस ज्याचा गोडसर वास येतो तो. त्यातल्या क्लोरीनच्या अणूला सूर्याचा न्यूट्रिनो धडकला तर त्याचा आर्गॉन होतो. एवढ्या टाक्यात असा एक अणू साधारण दोन दिवसांतून एकदा तयार व्हायचा, आणि डेव्हिस काही आठवड्यांनी हेलियम सोडून ते मोजके अणू बाहेर काढून मोजायचे. हिशेबानं दिवसाला दीड यायला हवे होते, यायचे त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढेच. साठच्या दशकाच्या अखेरीपासून पुढची सुमारे तीस वर्षं लोक म्हणत राहिले, मोजण्यात चूक असेल, सूर्याचं गणित चुकलं असेल. दोन्ही बरोबर होतं. न्यूट्रिनो तीन जातींचे असतात आणि वाटेत एका जातीतून दुसऱ्या जातीत जातात. डेव्हिस यांच्या टाक्याला त्यातली एकच जात ओळखता येत होती. १९९८ मध्ये कामिओकाच्याच नव्या, ५०,००० टन पाण्याच्या टाक्यानं आणि २००१-०२ मध्ये कॅनडातल्या सडबरीच्या खाणीतल्या प्रयोगानं हे पक्कं केलं. जो कण रूप बदलतो त्याला वस्तुमान असलंच पाहिजे, थोडं का होईना. डेव्हिस यांना नोबेल मिळालं २००२ मध्ये, वयाच्या ८८ व्या वर्षी. बाबांनी ती बातमी कापून पंचांगात ठेवली होती. कात्रणापेक्षा जास्त मला ती जागा आठवते, माघ महिन्याच्या पानावर.

जपानच्या त्या मोठ्या टाक्यानं न्यूट्रिनोंच्या उजेडात सूर्याचा फोटो काढलाय. ५०० दिवस लागले. ढोबळ, पसरट, मधे पिवळसर डाग. मी तो लेकीला मोबाइलवर दाखवला. डोंगराखाली एक किलोमीटर, मिट्ट काळोखात बसून काढलेला, आणि त्यातले निम्मे दिवस खरं तर रात्री, सूर्य पलीकडे असताना, पायाखालून. त्याच यंत्राला असेही संकेत मिळालेत की रात्री पकडलेले न्यूट्रिनो दिवसापेक्षा काही टक्क्यांनी जास्त भरतात. पृथ्वीच्या खडकातून येताना त्यांची जात थोडी परत फिरते म्हणून. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. पृथ्वी त्यांना अडवत नाही, पण अगदीच न शिवता सोडतही नाही.

कोलारचे प्रयोग नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला थांबले आणि २००१ मध्ये खाणीच बंद झाल्या. पंप थांबल्यावर खाली पाणी भरत गेलं. बाबांना ते फार लागलं होतं. बोलले नाहीत, पण त्या वर्षी त्यांनी ती ग्रीसच्या वासाची ट्रंक भंगारवाल्याला देऊन टाकली. पुढे तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या बोडीच्या डोंगरात न्यूट्रिनोंची नवी वेधशाळा होणार असं ठरलं, ५० हजार टनांहून जास्त चुंबकित लोखंड, डोंगराच्या पोटात. कुलाब्यात त्याची काचेची शोधकं तयार होत होती. २०१५ च्या जानेवारीत केंद्रानं मंजुरी दिली तेव्हा बाबा ७१ वर्षांचे होते आणि मला म्हणाले, "बघायला जाऊ." डोंगराखालच्या गावांना आपल्या पाण्याची, रानाची काळजी वाटली, विरोध झाला, खटले झाले, आणि तो बोगदा अजून खणलेला नाही. मदुराईला ८५ टनांचं छोटं रूप तेवढं उभं राहिलं. मी बाबांची मुलगी आहे, मला तो डोंगर पोखरलेला हवा होता. आणि मी त्या आईचीही मुलगी आहे जिनं विचारलं होतं, दगडाखाली जाऊन कशाची वाट बघता. गावातल्या बायकांना तोच प्रश्न पडला असेल तर त्यांना उत्तर देताना कोणीतरी आधी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसायला हवं होतं, असं मला वाटत राहतं. बाबांना ते जमलं होतं, तिसऱ्या रात्री का होईना.

नोव्हेंबरची तारीख मी कॅलेंडरवर पेन्सिलीनं खूण करून ठेवली होती. १७. त्या दिवसांत सूर्य घड्याळाच्या पुढे असतो, म्हणून पायाखाली यायची वेळही लवकर, बारा वाजून चोवीस मिनिटं. पंखा बंद केला, दिवा बंद केला, आणि हॉलमध्ये जमिनीवर उताणी पडले. फरशी गुळगुळीत, व्हिट्रिफाइड, शहाबादीसारखी खरबरीत नाही. खालून देशमुखांच्या घरातली खुर्ची सरकल्याचा आवाज आला, कोणीतरी उशिरापर्यंत जागं होतं. त्यांच्या खाली बारा घरं, मग पार्किंग, मग मुंबईचा काळा खडक, मग १२ हजार किलोमीटरहून जास्त पृथ्वी, तापलेलं लोखंड, पुन्हा खडक, आणि मग भर दुपारचा समुद्र, ज्याच्या लाटांवर ऊन चमकत असेल. एवढं सगळं पार करायला न्यूट्रिनोंना सेकंदाचा विसावा भागही पुरेसा. मी हात पालथा ठेवला. गार होतं.

लेक कधी उठली कळलं नाही. डोळे चोळत दारात उभी राहिली, काय करतेस म्हणून विचारलंही नाही, नुसतं "सरक" म्हणाली आणि शेजारी येऊन पालथी पडली, गाल फरशीला लावून. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग आतल्या खोलीतून, कॉटवरून, आईचा आवाज आला.

"खाली सतरंजी घ्या गं. थंडी बाधेल."